खेळ कोणता ते नंतर ठरवा, निकष आधी दाखवा

प्रति,
अहमदाबाद राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धा २०३० चे आयोजक,
भारतीय ऑलिंपिक संघटना, आणि
केंद्रीय क्रीडा मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : यजमानाच्या वाट्याला आलेल्या दोन खेळांची निवड

स.न.वि.वि.

२६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगोच्या बैठकीत अहमदाबादच्या नावावर शिक्कामोर्तब झाले. १९३० मध्ये कॅनडातल्या हॅमिल्टनला जेमतेम सहा खेळांवर सुरू झालेल्या या स्पर्धेची शंभरी आता आपल्या अंगणात होणार. त्याच वेळी कार्यक्रमाचा साचाही जाहीर झाला. एकूण खेळ १५ ते १७. ॲथलेटिक्स, जलतरण, टेबल टेनिस, लॉन बोल्स, वेटलिफ्टिंग, जिम्नॅस्टिक्स, नेटबॉल आणि बॉक्सिंग हे आठ पक्के. हॉकी, कुस्ती, नेमबाजी, तिरंदाजी, बॅडमिंटन, स्क्वॉश, क्रिकेट, ज्युदो वगैरे रांगेत. आणि यजमानाला आपल्या पसंतीचे जास्तीत जास्त दोन खेळ सुचवायची मुभा.

हे पत्र त्या दोन जागांविषयी आहे. लिहिणारे आम्ही सगळे खो-खोचे : कुणी पंच, कुणी मार्गदर्शक, कुणी मैदान आखण्यापासून गुणपत्रक भरण्यापर्यंत पडेल ते काम करणारे कार्यकर्ते. तेव्हा आमचा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. पण थेट वरच्या पदावरची नियुक्ती, मोठी बक्षिसे, कायमचे प्रायोजक हे सगळे ऑलिंपिक, आशियाई आणि राष्ट्रकुल या तीन नावांभोवती फिरते. खो-खो आज या तिन्हींत नाही. दक्षिण आशियाई स्पर्धेत तो २०१६ मध्ये, गुवाहाटी-शिलाँगला, पहिल्यांदा आला. आमची धाव तिथवरच. सांगली, धाराशिव, ठाणे, पुणे इथल्या मैदानांवर रोज संध्याकाळी सूर मारणाऱ्या मुलामुलींसाठी २०३० ची यादी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

एवढा स्वार्थ असूनही आम्ही ‘खो-खोला घ्या’ असे लिहून सह्या करत नाही. कारण गेले काही दिवस सगळीकडे चर्चा चालली आहे ती ‘कबड्डी की खो-खो, की मल्लखांब, की योगासन’ एवढीच. लग्नाच्या याद्या करताना कुणाकडचे किती पाहुणे यावर घासाघीस चालावी तशी. कोणत्या कसोटीवर, कोण, कधी ठरवणार हे कुणी विचारत नाही आणि आपल्याकडून कुणी सांगितलेलेही नाही. आमच्यापर्यंत आजवर एकही लेखी निकष पोहोचलेला नाही. आमची पहिली आणि मुख्य तक्रार हीच.

मर्जीने मिळालेली जागा किती टिकते, याचा हिशेब ऑलिंपिकने करून ठेवलेला आहे. तिथे एके काळी आकड्यांची अट होती : पुरुषांचा खेळ किमान ७५ देशांत आणि चार खंडांत, महिलांचा किमान ४० देशांत आणि तीन खंडांत रुजलेला हवा. अट कडक होती, पण आपण कुठे उभे आहोत आणि अजून किती चालायचे आहे हे प्रत्येक खेळाला कळत होते. डिसेंबर २०१४ मध्ये धोरण बदलले. एकूण खेळाडू १०,५०० च्या आसपास रोखायचे आणि यजमान शहराला आपल्या आवडीचे खेळ सुचवू द्यायचे, असे ठरले. पुढे काय झाले पाहा. कराटेला टोकियोने बोलावले. ते पदार्पण २०२१ मध्ये झाले, पण पॅरिसने आपली यादी २०१९ मध्येच दिली होती आणि तीत कराटे नव्हता. पॅरिसने ब्रेकिंगला (स्पर्धात्मक ब्रेक डान्सला) बोलावले. ते ऑगस्ट २०२४ मध्ये झाले, पण लॉस एंजेलिसची यादी ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झाली होती, तीही आपल्या मुंबईत, आणि तीत ब्रेकिंग नव्हते. म्हणजे पहिली शिट्टी वाजण्याआधीच दोन्ही खेळांचे परतीचे तिकीट निघालेले होते. यजमानाच्या खुर्चीवर बसलेला पाहुणा यजमान बदलला की उठतो. त्याच मुंबईच्या बैठकीत क्रिकेट, स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल, लॅक्रॉस आणि बेसबॉल-सॉफ्टबॉल यांना २०२८ साठी जागा मिळाली. पण क्रिकेट २०३२ ला ब्रिस्बेनमध्ये टिकले तर ते ऑस्ट्रेलियात क्रिकेट आहे म्हणून, आणि त्यापुढचे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

याउलट कुस्तीचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने २०२० च्या मूळ कार्यक्रमातून कुस्ती वगळण्याची शिफारस केली. कोल्हापूरच्या तालमींपासून तेहरानपर्यंत हलकल्लोळ झाला, पण कुस्ती परत आली ती हलकल्लोळामुळे नव्हे. जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी पद सोडले. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आणि त्यांतल्या दोन जिंकायच्या, ही प्रेक्षकाला न कळणारी पद्धत मोडून तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि गुणांची सरळ बेरीज आणली. महिलांचे वजनगट चारावरून सहावर नेण्याचे मान्य केले. सात महिन्यांत हे सगळे कागदावर आणि मॅटवर दिसले आणि सप्टेंबरमध्ये ब्युनोस आयर्सला मतदानात कुस्तीने बेसबॉल-सॉफ्टबॉल आणि स्क्वॉश दोघांना मागे टाकले. काय चुकले ते कुस्तीला सांगितले गेले होते, म्हणून ते सुधारता आले. आमच्या खेळात काय कमी आहे हे आपण कधी सांगणार?

राष्ट्रकुलात तर यजमानाचा हात आणखी मोकळा असतो, आणि त्याचा फटका आपण सोसलेला आहे. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला भारताच्या ६६ पदकांपैकी १६ नेमबाजीतली होती. २०२२ च्या बर्मिंगहॅमने नेमबाजीच ठेवली नाही. तेव्हा आपण बहिष्काराची भाषा केली होती. बर्मिंगहॅमला मिळालेल्या ६१ पदकांत कुस्तीची १२, टेबल टेनिसची पॅरा धरून ७, बॅडमिंटनची ६, हॉकी आणि स्क्वॉशची प्रत्येकी २ आणि क्रिकेटचे १ होते. बेरीज ३०. ग्लासगो २०२६ च्या दहा खेळांत यांतला एकही नाही. २०२६ चे मूळ यजमान असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने खर्चाचे कारण सांगून स्पर्धा सोडली, ग्लासगोने ती छोट्या खर्चात उचलली, हे कारण खरे आहे आणि आम्हाला मान्य आहे. पण दोन्ही वेळा आपला आक्षेप होता तो हाच की ठरवणाऱ्यांनी स्वतःची सोय पाहिली आणि कसोटी सांगितली नाही. आता लेखणी आपल्या हातात आहे. दोन जागा भरताना आपणही सोयच पाहिली, तर उद्या दुसऱ्या कुणाच्या यादीविरुद्ध ओरडायला आपल्याला तोंड राहणार नाही.

सोय म्हणजे काय, तेही स्पष्ट लिहितो. सोय म्हणजे हमखास सुवर्णपदके.

कबड्डीचे पाहा. आशियाई स्पर्धेत १९९० पासून २०१४ पर्यंत पुरुषांची सलग सात सुवर्णपदके भारताची. २०१८ ला जकार्तात इराणने उपांत्य फेरीत हरवले आणि महिलांचा अंतिम सामनाही इराणनेच जिंकला. आमच्या मते कबड्डीच्या इतिहासातली ही सर्वांत उपयोगी हार. त्या दिवसापासून हा खेळ एका देशाचा राहिला नाही. २०२३ मध्ये हांगझोऊला महिलांचे सुवर्ण आपण चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असे एका गुणाने घेतले. पण इराण राष्ट्रकुलात नाही. तैपेई नाही. दक्षिण कोरिया नाही. भारताला घाम फोडणारे हे सगळे संघ २०३० मध्ये घरी बसणार. अहमदाबादच्या कबड्डीत उरतील भारत, बांगलादेश, श्रीलंका, केनिया, इंग्लंड आणि आला तर पाकिस्तान. मैदान भरेल, राष्ट्रगीत वाजेल, आणि बाहेरचा निरीक्षक वहीत ‘एकतर्फी’ असे लिहून निघून जाईल.

आमच्या खो-खोचे दुखणे याहून मोठे आहे, ते आम्हीच मांडलेले बरे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. २३ देश, पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ. दोन्ही सुवर्णपदके भारताची; दोन्ही अंतिम सामने नेपाळविरुद्ध, पुरुषांत ५४-३६ आणि महिलांत ७८-४०. आता गंमत अशी की जगातला दुसऱ्या क्रमांकाचा हा नेपाळ राष्ट्रकुलाचा सदस्यच नाही. भूतानही नाही. इराण, नेदरलँड्स, पेरू, ब्राझील, अमेरिका, जर्मनी, पोलंड वगैरेंनाही यादीतून खोडा. उरतात पुरुषांत नऊ संघ : भारत, श्रीलंका, बांगलादेश, मलेशिया, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, दक्षिण आफ्रिका, घाना, केनिया. महिलांत घाना वगळून युगांडा आणि न्यूझीलंड धरले की दहा. राष्ट्रकुलाचे विभाग सहा. त्यांपैकी आशिया, आफ्रिका, युरोप, ओशनिया या चारांत आमचे पाऊल आहे, कॅरिबियन आणि अमेरिका विभागांत शून्य.

संघ मोजून भागत नाही, गुणफलकही पाहावा लागतो. महिलांच्या गटात भारताने दक्षिण कोरियाला १७५-१८ असे हरवले, उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशला १०९-१६. हे आकडे आपल्या वर्तमानपत्रांत ‘दणदणीत विजय’ म्हणून छापून आले. निवड समितीच्या टेबलावर तेच आकडे खेळाच्या विरोधातला पुरावा असतात. दुसऱ्या बाजूला पुरुषांच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेने भारताला ६२-४२ इतके झुंजवले आणि महिलांत युगांडा उपांत्य फेरीपर्यंत आला. ज्या देशांत हा खेळ कालपरवा पोहोचला, त्यांनी एवढी मजल मारली. प्रस्ताव करणाऱ्याने हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायला हवेत. आपण फक्त पहिला दाखवून टाळ्या घेणार असाल तर आमची त्याला साथ नाही.

नियमांचा घोळ हा पुढचा मुद्दा, आणि यात आमच्या घरचाच दोष जास्त. पुण्यात डेक्कन जिमखान्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ज्या खेळाला नियमांच्या चौकटीत बसवले, त्याच्या आज दोन चौकटी आहेत. राष्ट्रीय स्पर्धेच्या मोठ्या गटात नऊ जणांचे आक्रमण, नऊ मिनिटांच्या चार पाळ्या, गडी बाद केला की एक गुण. लीगमधून विश्वचषकात आलेल्या जलद प्रकारात सात मिनिटांच्या पाळ्या, कोणत्याही दिशेला पळू शकणारा वझीर, संरक्षणाच्या तुकडीने ठराविक वेळ तग धरला की ड्रीम रनचे गुण, आणि बाद करण्याचे गुणही निराळे. जिल्ह्यातली मुलगी आठवडाभर पहिला खेळ शिकते आणि दूरचित्रवाणीवर दुसरा पाहते. दोन्ही चांगले आहेत. पण वझीर असला की संरक्षकाची पळण्याची वाटच बदलते. साध्या खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळता येत नाही. संरक्षकाची सगळी हुल त्या एका नियमावर उभी असते. वझीर आला की ती हुल फसते आणि वलय करून खेळणाऱ्याला नव्याने शिकावे लागते. नैरोबीतल्या मार्गदर्शकाने यांतले काय शिकवायचे?

अर्धवट नियम किती महाग पडतात हे हांगझोऊच्या पुरुष कबड्डीच्या अंतिम सामन्यात सगळ्या आशियाने पाहिले. भारत आणि इराण २८-२८ बरोबरीत, शेवटची काही क्षणांची खेळी बाकी. चढाई करणारा कुणालाही न शिवता लॉबीत (मैदानाच्या कडेच्या पट्टीत) गेला, त्याच्या मागे इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने एक निकाल लागतो, नव्याने दुसरा. पंचांनी एक निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. दोन्ही संघ मैदानावर बसून राहिले आणि सामना सुमारे तासभर थांबला. शेवटी ३३-२९ ने सुवर्ण आपले झाले. त्या तासाभरात कबड्डीचे जे नुकसान झाले ते मात्र कुठल्याच पदकतालिकेत दिसत नाही.

संघटनांचे म्हणाल तर कबड्डीत एका वर्षात दोन छत्र्या उघड्या होत्या : मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये एका संघटनेचा विश्वचषक, नोव्हेंबरात ढाक्याला दुसरीचा महिला विश्वचषक. आपल्या राष्ट्रीय महासंघाचा कारभार वर्षानुवर्षे न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे होता आणि इराणमधल्या आशियाई कबड्डी स्पर्धेला महिला संघ जाऊ शकावा म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. कबड्डीवाल्या मित्रांना खिजवण्यासाठी हे लिहिलेले नाही. उद्या आमच्याकडेही हेच होऊ शकते.

आता मैदानाकडे येऊ. कागदावर खो-खो स्वस्त आहे : २७ बाय १६ मीटरचे मैदान, दोन खांब, चुना. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तो मॅटवर, छताखाली होतो आणि तिथे अडचणी निराळ्या. मातीत खांब खोल गाडला जातो. मॅटवर तो तळपट्टीवर बसवावा लागतो, आणि तळपट्टी सभागृहाच्या जमिनीला बोल्टने आवळलेली नसेल तर तो हलतो. सव्वा मीटर उंचीच्या या खांबाला धरून खेळाडू पूर्ण वेगात गिरकी घेतो. खांब दोन बोटे सरकला तरी खांदा किंवा मनगट गेले. मॅटचे तुकडे एकमेकांत अडकवलेले असतात. सूर मारून अंग घासले गेले की जोड उघडतात आणि पुढच्या पळणाऱ्याचे बोट त्यात अडकते. प्रत्येक पाळीनंतर जोड तपासायला दोन माणसे लागतात, आणि वेळापत्रक आखणारे ती दोन मिनिटे हमखास विसरतात. लाकडी जमिनीच्या सभागृहात बोल्ट मारायला परवानगी मिळत नाही, हे शेवटच्या आठवड्यात कळले तर कोणतीच सोय होत नाही. तेव्हा सभागृह ठरवतानाच हे ठरायला हवे.

खेळाडूंच्या संख्येचे गणितही आत्ताच करून ठेवावे. पंधरा जणांचे आठ संघ, पुरुष आणि महिला, म्हणजे २४० खेळाडू. एवढ्यांच्या राहण्या-जेवणाचा भार कोणताही आयोजक सहज घेणार नाही. संघ बारा जणांचा आणि पुरुष व महिलांचे प्रत्येकी सहा संघ ठेवले तर १४४. तीन-तीनचे दोन गट केले की साखळीचे सहा, उपांत्य दोन, कांस्यपदकाचा एक आणि अंतिम एक, असे दहा सामने. पुरुष-महिला मिळून वीस. सात मिनिटांच्या चार पाळ्या, मधली विश्रांती आणि मॅटची डागडुजी धरून सामन्याला तास दिला तरी एका मॅटवर चार दिवसांत काम उरकते. कबड्डीचे मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर. खो-खोच्या सभागृहात ते आरामात मावते. दोन्ही खेळ घ्यायचेच झाले तर एकाच छताखाली, सकाळ-संध्याकाळ वाटून घेता येतील.

पंचांबद्दलही थोडे. सामन्याला दोन पंच, एक सरपंच (मुख्य पंच), वेळाधिकारी आणि गुणलेखक लागतात. दिशा बदलली का, खांद्याची रेषा वळली का, खो देण्याआधी बसलेला उठला का, हे निर्णय पापणी लवायच्या आत द्यायचे असतात. असे निर्णय देऊ शकणारे बहुतेक पंच आज भारतातले, त्यातही महाराष्ट्रातले आहेत. भारताच्या अंतिम सामन्याला भारतीय पंच, हे चित्र आम्हालाच नको आहे. बाहेरचे पंच तयार करायला किमान तीन हंगाम लागतील, म्हणजे सुरुवात २०२६ मध्ये झाली पाहिजे. राष्ट्रकुल स्पर्धेत पॅरा खेळाडूंच्या स्पर्धा त्याच कार्यक्रमात असतात. खो-खोचे पॅरा-रूप काय, या प्रश्नाचे तयार उत्तर आज आमच्याकडे नाही. तो प्रश्नही आपण विचारावा.

मल्लखांब आणि योगासनाचा अनुभव तर ताजा आहे. गुजरातच्या २०२२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत हे दोन्ही पदकांचे खेळ म्हणून आले आणि २०२३ ला गोव्यातही खेळले गेले. उत्तराखंडच्या २०२५ च्या स्पर्धेत मात्र आधी प्रदर्शनी यादीत टाकले गेले आणि आरडाओरड झाल्यावर उद्घाटन तोंडावर आले असताना पुन्हा पदकांत घेतले गेले. कलरीपयट्टू प्रदर्शनीतच राहिला, तर केरळ नाराज. ज्या खेळाडूंनी वर्षभर तयारी केली त्यांना आपण पदकासाठी उतरतोय की नुसती कसरत दाखवायला, हे महिनाभर आधीही नीट माहीत नव्हते. घरच्या स्पर्धेत हे खपले. ७४ देश-प्रदेशांच्या स्पर्धेत खपणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या.

दोन खेळ निवडण्याचे निकष, प्रत्येकाला किती गुण, समितीत कोण आणि अर्जाची शेवटची तारीख, हे सारे आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावे. समितीतला जो सदस्य एखाद्या खेळाच्या संघटनेवर किंवा लीगवर असेल, त्याने त्या खेळाच्या चर्चेतून उठावे.

निकषांत निदान एवढे असावे : राष्ट्रकुलातल्या किमान आठ देशांत, सहापैकी चार विभागांत, मागच्या दोन वर्षांत पुरुष आणि महिला दोघांचीही राष्ट्रीय स्पर्धा प्रत्यक्ष झालेली असणे, ‘संघटना नोंदवली आहे’ एवढ्याने गुण देऊ नयेत. एकच जागतिक संघटना, एकच नियमपुस्तक, आणि जागतिक उत्तेजकविरोधी संहिता स्वीकारल्याचा कागद. चुरस मोजताना भारताचे सामने बाजूला काढून इतर देशांच्या आपसांतल्या सामन्यांतला फरक पाहावा. खेळ दुसरीकडे खरोखर रुजला आहे की नाही, हे तिथेच कळते.

निवडलेल्या खेळाचे नियम स्पर्धेच्या २४ महिने आधी गोठवावेत. चाचणी स्पर्धा २०२९ संपण्याआधी, त्याच सभागृहात, त्याच मॅटवर आणि त्याच खांबांवर घ्यावी. यजमान देशाचे पंच एकूण पंचांच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावेत आणि पदकाच्या सामन्यांना भारताचा संघ असेल तर एकही भारतीय पंच नसावा.

निवड झालेल्या खेळासाठी २०२६ ते २०२९ अशी चार वर्षे राष्ट्रकुलातल्या इतर देशांत मार्गदर्शक, मॅट आणि पंच-शिबिरे पाठवण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा. कॅरिबियन देशांपासून सुरुवात करावी, कारण तिथे आमचे काहीच नाही.

एकही खेळ निकषांत बसला नाही तर जागा रिकामी ठेवावी किंवा रांगेतल्या एखाद्या खेळाला द्यावी; कुस्ती आणि नेमबाजीची दारे बंद ठेवून खो-खोला पदक मिळालेले आम्हाला नको. प्रदर्शनी सामने ठेवायचे ठरले तर ते प्रदर्शनीच आहेत असे २०२७ पर्यंत लेखी कळवावे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन देशी खेळ आणि व्यायाम दाखवून आले होते. प्रदर्शनात आम्हाला कमीपणा वाटत नाही, पण त्याला नव्वद वर्षे होत आली.

शेवटचे, समितीच्या दौऱ्याविषयी. खो-खो पाहायला ती येणार असेल तर कृपया आमच्याकडे, राष्ट्रीय स्पर्धेला, हारतुरे घ्यायला येऊ नये. इथे खेळ चांगलाच दिसेल. तिने केनिया आणि युगांडाचा सामना तिथल्या मैदानावर, न कळवता जाऊन पाहावा. किती मुली खेळायला येतात, खांब कशाचे आहेत, पंच कोणत्या नियमाने शिट्टी वाजवतात आणि मध्यंतरात गुण विचारले तर दोन्ही संघ एकच आकडा सांगतात का, एवढे टिपून आणावे.

कळावे,

आपले,
महाराष्ट्रातील खो-खोचे काही पंच, मार्गदर्शक आणि कार्यकर्ते
डिसेंबर २०२५